टोळधाडीचा अर्थ

२६ एप्रिल १८७७ हा दिवस अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात उपासाचा आणि प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला गेला. गव्हर्नर जॉन पिल्सबरी यांनीच तसे जाहीर आवाहन केले होते. १८७३पासून रॉकी पर्वताच्या बाजूने येणारे टोळ प्रेअरीवरचा गहू, मका, परसातला भाजीपाला असे सगळे फस्त करत होते आणि जाताना जमिनीत अंडी घालून जात होते. त्यामुळे चालू वर्षाबरोबर पुढचे वर्षही हातचे जायचे. त्या उन्हाळ्यात टोळ उठले आणि निघून गेले. कोल्ड स्प्रिंग गावाजवळच्या कॅथलिक शेतकऱ्यांनी मरियेला नवस बोलून त्याच वर्षी टेकडीवर एक छोटे प्रार्थनामंदिर बांधले. नवस फळला असे त्यांना वाटले यात नवल नाही. पुढे १८९४ साली तेच मंदिर चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले. टोळांचे जाणे ही मरियेची कृपा असेल, तर वादळ कोणाचे? आणि वादळ हे नुसतेच वादळ असेल, तर टोळांचे जाणे तरी कृपा कशावरून? अमेरिकेच्या प्रेअरीवर घडणाऱ्या कादंबऱ्यांनी हा प्रश्न शंभर वर्षे सोडलेला नाही, आणि मला त्या कादंबऱ्या मुख्यतः याच प्रश्नासाठी वाचाव्याशा वाटतात.

या कादंबऱ्यांचे वाचक बहुधा दोन गटांत विभागलेले दिसतात. काहींना त्यांत विजयाची कथा दिसते: कोरी जमीन, चिवट माणसे, हाडे मोडणारे कष्ट आणि शेवटी डोलणारे पीक. काहींना त्यांत उद्ध्वस्त होण्याची कथा दिसते: क्षितिजापर्यंत एक झाड नसलेल्या त्या पठाराने माणसांना वेड लावले आणि कडक धर्माने ते वेड पोसले. दोन्ही गटांना पुरावा भरपूर सापडतो. पण दोघांच्याही मुळाशी एकच समजूत आहे असे मला वाटते. जमीन माणसाला जे देते किंवा त्याच्याकडून हिरावून घेते, तो त्याच्या आयुष्यावरचा निकाल असतो, ही ती समजूत. पिकाला आशीर्वाद म्हणणाऱ्याला टोळधाडीला कोप म्हणावेच लागते. जमेची बाजू देवाच्या नावावर मांडली की खर्चाची बाजूही त्याच्याच नावावर जाते. शिवाय या हिशेबात एक नोंद करायला जागाच उरत नाही: ही जमीन आधी कोणाची होती? प्रेअरीच्या श्रेष्ठ कादंबऱ्या हा हिशेब मांडणारी माणसे मोठ्या मायेने रंगवतात आणि तो हिशेब कसा खोटा ठरतो हेही दाखवतात. त्यांचे धार्मिक मोल तिथे आहे.

ओले एडवर्ट रोल्वाग यांची ‘जायंट्स इन द अर्थ’ ही या विषयावरची सर्वांत खोल कादंबरी. रोल्वाग १८७६ साली नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर जन्मले, विशीत अमेरिकेला गेले आणि मिनेसोटातल्या सेंट ओलाफ कॉलेजात शिकवू लागले. कादंबरी त्यांनी नॉर्वेजियन भाषेत लिहिली. १९२४-२५ साली ती नॉर्वेत निघाली आणि १९२७ साली इंग्रजीत आली. पेर हान्सा आणि त्याची बायको बेरेट १८७३च्या उन्हाळ्यात डकोटात येतात. पेर हान्साला ही जमीन म्हणजे परीकथेतले राज्य वाटते. मुळांनी घट्ट विणलेल्या मातीच्या ढेपा रचून तो घर बांधतो आणि शेजाऱ्यांच्या आधी पेरणी करतो. प्रत्येक दाणा त्याला नशिबाने दिलेला कौल वाटतो. बेरेटला या मोकळ्या पठारावर लपायला आडोसा दिसत नाही. लग्नाआधी आपल्याला दिवस गेले, म्हाताऱ्या आईबापांना मागे टाकून आपण नवऱ्यामागे आलो, या पापाची शिक्षा देवाने इथे मांडून ठेवली आहे असे ती मानते. टोळ येतात तेव्हा पेर हान्सा त्या ढगावर बंदूक झाडतो आणि बेरेट नॉर्वेहून आणलेल्या मोठ्या पेटाऱ्यात तान्ह्या मुलासह लपून बसते. बहुतेक वाचक इथे पेर हान्साला शहाणा आणि बेरेटला वेडी ठरवून मोकळे होतात. पण बंदूक झाडणारा आणि पेटाऱ्यात लपणारी, दोघेही टोळांना आपल्याशी वैर धरणारी शक्तीच मानतात. पीक आल्यावर निसर्ग आपल्या बाजूने बोलला असे पेर हान्सा समजत होता. तोच निसर्ग आपल्याविरुद्ध बोलतो असे बेरेट समजते. तिने त्याचीच समजूत शेवटपर्यंत नेली, एवढाच फरक. तो धाकट्या मुलाचे नाव ‘विजयी’ अशा अर्थाचे ठेवतो, तेव्हा ती हादरते, कारण निकाल लागण्याआधीच त्याने तो लिहून टाकला होता.

रोल्वाग तिला या कोंडीतून कसे सोडवतात तेही पाहावे. एक फिरता पाद्री येतो. टोळ देवाचा कोप आहेत की नाहीत, यावर तो तिला कोणताही सिद्धान्त सांगत नाही. मुलाच्या नावात त्याला पाप दिसत नाही. त्याच मातीच्या घरात तो प्रभुभोजनाचा विधी करतो आणि वेदी म्हणून बेरेटचा तोच पेटारा वापरतो. तिला हवी असलेली क्षमा तिला मिळते, पण संकटाचा अर्थ मात्र मिळत नाही. कादंबरी इथे संपली असती तर ती एक सुंदर बोधकथा झाली असती. रोल्वाग थांबत नाहीत, कारण हिशेबाची सवय अशी एका विधीने सुटत नसते हे त्यांना ठाऊक आहे. बरी झालेली बेरेट अधिक कर्मठ होते. १८८०-८१च्या भीषण हिवाळ्यात शेजारी हान्स ओल्सा मरणाला टेकतो. पाद्री आला नाही तर त्याचा आत्मा गमावला जाईल असे ती त्याच्या मनात भरवते. तिच्या आग्रहापुढे पेर हान्सा हिमवादळात बाहेर पडतो आणि परत येत नाही. धर्माने माणूस मारला, असे म्हणून इथे पुस्तक मिटणारे वाचक मी समजू शकतो. पण पाद्र्याने पेटाऱ्यावर वाढलेली कृपा आणि बेरेटने हान्स ओल्साच्या मृत्युशय्येपाशी मागितलेला चोख हिशेब या दोन्हींना ‘धर्म’ या एकाच शब्दाखाली घातले, तर रोल्वागांनी इतक्या कष्टाने दाखवलेला फरकच पुसला जातो.

याच कादंबरीत आणखी दोन गोष्टी आहेत, आणि मला त्या टोळधाडीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. पेर हान्साला आपल्या जमिनीतल्या टेकाडावर एक जुनी कबर आढळते, आदिवासी अमेरिकनांची. म्हणजे ‘कोऱ्या’ जमिनीत माणूस पुरलेला आहे. पुढे शेजाऱ्यांच्या जमिनीवर त्याला परक्यांनी ठोकलेल्या हद्दीच्या खुंट्या सापडतात. तो त्या गुपचूप उपटून जाळतो. बेरेटला कळते तेव्हा ती भेदरते, कारण शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्याला बायबलने शाप दिला आहे. नंतर कळते की त्या खुंट्यांमागे कायदेशीर हक्क नव्हता, आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. कायद्याने प्रश्न मिटला. पण आग्नेय डकोटातला विस्तीर्ण प्रदेश यँक्टन सू लोकांनी १८५८च्या करारात सोडला तेव्हा कोणाची हद्द सरकली, हे कादंबरीतले कोणीच विचारत नाही. हद्दीचे पाप बेरेटला अचूक जाणवते. फक्त ते तिला एका खुंटीपुरते दिसते आणि तिची नजर उत्तरासाठी आकाशाकडे वळते. तिच्या अपराधभावनेला मी वेड म्हणणार नाही. त्या वस्तीत अपराध जाणवणारी ती एकटीच होती. तो नेमका कुठे झाला हे तिला दाखवणारे मात्र कोणी नव्हते.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन देऊ केली. अट एवढीच की पाच वर्षे तिथे राहायचे आणि ती कसायची. कष्ट करा म्हणजे जमीन तुमची, हे वचन कायद्याचे होते, पण ऐकणाऱ्यांच्या कानांवर ते वचनदत्त भूमीच्या भाषेत पडले. विज्ञानाचे नाव घेणाऱ्यांनीही तीच भाषा उचलली. नेब्रास्कातले सॅम्युएल ऑघी आणि त्यांच्यामागून चार्ल्स डेना विल्बर यांनी सांगितले की नांगर जिथे जातो तिथे पाऊस त्याच्या मागोमाग येतो. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या अहवालात स्पष्ट बजावले होते की पश्चिमेकडच्या कोरड्या भागात नुसत्या पावसावर शेती टिकणार नाही. त्यांचे कोणी ऐकले नाही. १८९०च्या दशकातल्या दुष्काळात हजारो कुटुंबे जमिनी सोडून माघारी गेली. ती काही आधीच्यांपेक्षा अधिक पापी नव्हती. त्यांना पावसाचे खोटे गणित विकले गेले होते. आणि मिनेसोटात प्रार्थनेचा दिवस पाळला गेला त्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी १८७७मध्ये, अमेरिकन काँग्रेसने १८६८चा करार मोडून ब्लॅक हिल्सचा प्रदेश लाकोटा सू लोकांकडून काढून घेतला. त्याबद्दल उपास करा असे कोणी सांगितले नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह सुमारे दहा कोटी साठ लाख डॉलर भरपाई कायम केली. लाकोटांनी ती आजवर घेतलेली नाही. त्यांचे म्हणणे आहे की ती भूमी विक्रीला काढलेलीच नव्हती.

लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या पुस्तकांत हाच प्रश्न एका लहान मुलीच्या तोंडी येतो. १९३५च्या ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’मध्ये कुटुंब कॅन्ससमधल्या ओसेज लोकांच्या जमिनीवर राहायला जाते. हा इंडियनांचा मुलूख असेल तर आपण इथे आल्याने त्यांना राग येणार नाही का, अशा अर्थाचे लॉरा विचारू लागते, आणि वडील तिला गप्प करून झोपायला लावतात. चांगला, प्रेमळ, कष्टाळू बाप. प्रश्न मात्र तिथेच बंद. याच लेखिकेने मिनेसोटातल्या टोळधाडीचे आणि १८८०-८१च्या हिवाळ्याचे जे वर्णन केले आहे ते विसरता येत नाही. त्या कुटुंबाच्या सोसण्याविषयी आदर वाटतोच. सोसणे खरे असते, पण सोसल्यामुळे मालकी न्याय्य ठरत नाही. वाचक इथेच घोटाळा करतात असे मला वाटते: जो इतके भोगतो त्याचा त्या जागेवर हक्क झालाच पाहिजे, असे मन म्हणते. भोगाला मोबदला मागणारे हे मन आणि पिकाला आशीर्वाद मानणारे मन मुळात वेगळे नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. संकटाला अर्थ आहे या श्रद्धेवरच ही माणसे तगली. तो अर्थ काढून घेतला तर त्यांच्या हाती काय उरते? चार भिंतींच्या आत उबेत बसून दुसऱ्याची श्रद्धा तपासणे सोपे आहे. आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. पण अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. ‘या संकटातही देव माझ्याबरोबर आहे’ हा आधार आहे. ‘हे संकट देवाने अमक्या कारणासाठी अमक्यावर पाठवले’ हा निवाडा आहे. पहिल्यासाठी कारण ठाऊक असावे लागत नाही. बायबलमधला ईयोबाचा ग्रंथ याच भेदावर उभा आहे. ईयोबाचे मित्र त्याला सांगत राहतात की इतके दुःख म्हणजे पाप असणारच. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. आणि देव वावटळीतून बोलतो तेव्हा जिथे माणूसच राहत नाही अशा ओसाड भूमीवर पडणाऱ्या पावसाचा उल्लेख करतो. पाऊस माणसाच्या बक्षिसासाठी नसतो, हे त्या एका उल्लेखात येते. बायबल पाठ असलेल्या वसाहतींना हे वचन ऐकू आले नाही, कारण ओसाड रान आपणच फुलवणार अशी त्यांची खात्री होती.

विला कॅथर यांच्या ‘माय अँटोनिया’त (१९१८) हा भेद सिद्धान्ताऐवजी वागणुकीतून दिसतो. कॅथर नऊ वर्षांच्या असताना व्हर्जिनियातून नेब्रास्कात आल्या आणि त्यांचे बालपण रेड क्लाउड गावाच्या परिसरात गेले. कादंबरीतला बोहेमियन स्थलांतरित श्री. शिमेर्डा पहिल्याच हिवाळ्यात आत्महत्या करतो. कॅथलिकांच्या दृष्टीने हे घोर पाप. जवळच्या नॉर्वेजियनांची दफनभूमीही त्याला नाकारली जाते. शेवटी त्याला त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यावर, पुढे जिथे दोन रस्ते एकमेकांना छेदणार तिथे पुरतात. कथा सांगणाऱ्या जिमचे आजोबा कट्टर प्रॉटेस्टंट आहेत. नाताळात शिमेर्डा त्यांच्या घरातल्या झाडासमोर गुडघे टेकतो तेव्हा त्यांना ते रुचत नाही, तरी ते मान खाली घालतात. कबरीवर प्रार्थना करायची पाळी त्यांच्यावरच येते, आणि मृताच्या आत्म्याचे काय झाले याचा निर्णय ते देवावर सोडतात. हेच आजोबा आणखी एका ठिकाणी असेच वागतात. गवतात एक मोठे वर्तुळ अंधूक दिसते, एके काळी इंडियन तिथे घोडे दौडवत. गडी म्हणतात, मध्ये खांबाला कैदी बांधून त्यांचा छळ करत असतील. आजोबांना वाटते, शर्यती लावत असतील किंवा घोड्यांना शिकवत असतील. मला या दोन प्रसंगांत एकच संयम दिसतो. जे माहीत नाही त्यातून दुसऱ्याचा अपराध काढायचा नाही. पुढे रस्ते होतात आणि त्या कबरीला वळसा घालून जातात. वस्तीला कबर उखडता आली असती. कॅथर सांगतात की कोणी ती उखडली नाही, आणि त्या वस्तीची श्रद्धा मला तिच्या चर्चपेक्षा त्या वळणात अधिक दिसते.

आजचा वाचक म्हणेल, हा सगळा खटाटोप कशासाठी? टोळ हा कीटक आहे. त्याला जीवशास्त्र पुरे. पण जीवशास्त्रच इथे नीतीचा प्रश्न उभा करते. रॉकी पर्वतातल्या या टोळाची जिवंत नोंद १९०२नंतर मिळालेली नाही. कोट्यवधींच्या संख्येने आकाश झाकणारी जात तीस वर्षांत नामशेष झाली. कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवूड यांचे प्रतिपादन असे की टोळांचे थवे ओसरले की ते पर्वतातल्या मोजक्या नदीखोऱ्यांत अंडी घालत, आणि वसाहतींनी नेमकी तीच खोरी नांगरून ओलिताखाली आणली. ना प्रार्थनेने, ना बंदुकीने. कळत नकळत चाललेल्या नांगराने. कारण कळले, पण कबरीला वळसा घालायचा की नाही हा प्रश्न कारण कळल्याने सुटत नाही. आणि आपल्याकडचा वाचक कर्मसिद्धान्त पुढे करील: बक्षीस-शिक्षेच्या देवापेक्षा कर्माचा नियम तरी सुसंगत आहे. सुसंगत असेल, पण त्याचा उपयोग तसाच होतो. १९३४च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. गांधीजींनी आपल्याच समाजाला दोषी धरले होते, शेजाऱ्याला नव्हे. तो त्यांचा मोठेपणा. तरीही भूकंपात मेलेल्यांमध्ये अस्पृश्यही होते. निसर्गाला न्यायाधीश नेमले की त्याच्या निकालात असे निरपराध हकनाक सापडतात, मग ते बिहार असो की डकोटा.

लुइस अर्ड्रिक या ओजिब्वे वंशाच्या लेखिका. नॉर्थ डकोटातल्या टर्टल माउंटन समूहाच्या सदस्य. त्यांच्या ‘ट्रॅक्स’ (१९८८) कादंबरीत हा हिशेब बळी पडलेल्यांच्याच मनात शिरलेला दिसतो. काळ १९१२ ते १९२४; क्षयाने गावे ओस पडलेली; १८८७च्या कायद्याने सामाईक जमिनीचे तुकडे झालेले, आणि तुकड्यांवरचा कर भरता न आल्याने तेही लाकूड कंपनीच्या घशात जाणारे. पॉलीन ही मुलगी जोगीण होते आणि स्वतःच्या देहाला यातना देते. तिचे लोक मरत आहेत यात तिला ख्रिस्ताचा विजय दिसतो. बेरेटचाच तर्क, पण टोकाला गेलेला: ज्यांच्यावर संकट आले तेच अपराधी. म्हातारा नानापुश याच्या उलट वागतो. तो कोणाच्या मरणाचा अर्थ लावत नाही. मेलेल्यांची नावे, जमिनीचे तुकडे, कोणी कोठे सही केली हे सगळे तो नातीला सांगत बसतो. हिशेब तोही ठेवतो. मात्र तो माणसांनी माणसांना काय केले याचा आहे, देवाने कोणाला काय दिले याचा नव्हे.

मेरिलिन रॉबिन्सन यांच्या ‘गिलियड’ (२००४) कादंबरीत हा धागा पुलपिटावर येतो. १९५६ साली आयोवातला म्हातारा पाद्री जॉन एम्स आपल्या लहान मुलासाठी पत्र लिहितो. त्याच्या मित्राचा बिघडलेला मुलगा जॅक त्याला विचारतो, काही माणसे जन्मतःच विनाशासाठी नेमलेली असतात का? एम्सने आयुष्यभर धर्मशास्त्र वाचले आहे, फॉयरबाख आणि कार्ल बार्थही वाचले आहेत, तरी तो अडखळतो. उत्तर त्याची अल्पशिक्षित बायको देते: माणूस बदलू शकतो. अनेक वाचकांना हे उत्तर फार भाबडे वाटते. मला ते भाबडे वाटत नाही, कारण त्याखेरीज जॅकशी बोलताच येत नाही. त्याच्यावर आधीच निकाल लागला असेल तर त्याच्याशी बोलायचे कशासाठी? पण रॉबिन्सन एम्सला इतक्यावर सोडत नाहीत. जॅकची बायको कृष्णवर्णीय आहे. मिसुरीत त्यांचे लग्न बेकायदा, आयोवात तसा कायदा नाही. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी वसवलेल्या या गावात माझे कुटुंब राहू शकेल का, असा त्याचा खरा प्रश्न आहे. गावातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चला कधीतरी आग लागली होती आणि नंतर ती कुटुंबे निघून गेली. एम्सला ती किरकोळ आग म्हणून आठवते. तो जॅकच्या कपाळावर हात ठेवून त्याला आशीर्वाद देतो, आणि आशीर्वाद खरा आहे. पण जॅक बसमध्ये चढतो, कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर देवाकडे नव्हते, गावाकडे होते, आणि गावाने ते दिलेले नाही.